मिठाचा अंधार, साखरेचे रंग

स्वयंपाकघराच्या फळीवर दोन डबे शेजारी शेजारी असतात. एकात मीठ, दुसऱ्यात साखर. दोन्ही पांढरे, दोन्ही दाणेदार, दोन्ही पाण्यात विरघळणारे. जिभेला कळणारा फरक डोळ्यांना कळत नाही, असे आपण गृहीत धरलेले असते. पण या दोन डब्यांतला एकेक दाणा काचपट्टीवर ठेवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली असा पाहावा की दाण्याच्या खाली एक पोलरॉइडची चकती आहे आणि वर, डोळ्याशी, दुसरी. वरची चकती हळूहळू फिरवत नेली की एका जागी सगळा उजेड नाहीसा होतो. दोन्ही चकत्या काटकोनात आल्या, की पाहावे तिकडे काळोख. त्या काळोखात मिठाचा दाणा शोधूनही सापडत नाही. साखरेचा दाणा मात्र आतून दिवा लावावा तसा उजळलेला असतो आणि त्याच्या पातळ कडांशी निळे, केशरी, हिरवे, गुलाबी पट्टे एकाला एक लागून उभे असतात.

साखरेत कुणी रंग घातलेला नाही. साखर रंगहीन आहे आणि दिव्याचा उजेडही साधा पांढराच आहे. मग हे रंग आले कुठून? त्याचे उत्तर फार अवघड नाही. प्रकाशाची लाट पुढे जाताना आडवी कंप पावते, वर-खाली, डावी-उजवीकडे, तिरपी, सगळ्या दिशांनी. पोलरॉइडची चकती यांतला एकाच दिशेचा कंप पलीकडे जाऊ देते. असा एकदिश झालेला प्रकाश, म्हणजे ध्रुवित प्रकाश, काटकोनातल्या दुसऱ्या चकतीपाशी अडतो. मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीन यांची मांडणी घनाकृती असते, लांबी, रुंदी, उंची तिन्हींकडे सारखीच. प्रकाश तिच्यातून जसा शिरतो तसाच बाहेर पडतो आणि वरच्या चकतीपाशी अडतो. तुरटी आणि नवसागर यांचेही असेच. साखरेची मांडणी मात्र दिशेगणिक वेगळी. तिच्यात शिरलेल्या किरणाचे दोन किरण होतात, एक थोडा पुढे जातो आणि दुसरा मागे रेंगाळतो. बाहेर पडून वरच्या चकतीत ते पुन्हा एकत्र आले, की या पुढे-मागे होण्यामुळे पांढऱ्या उजेडातले काही रंग एकमेकांना मारतात. जे उरतात ते आपल्याला दिसतात. मागचा किरण किती रेंगाळला हे स्फटिक किती जाड आहे यावर अवलंबून असते. म्हणजे दिसणारा रंग हा त्या पदार्थाचा रंगच नव्हे. तो जाडीचा हिशेब आहे. ओगुस्त मिशेल-लेव्ही या फ्रेंच भूवैज्ञानिकाने १८८८ मध्ये या रंगांचा एक तक्ताच छापला. काळा, मग राखी, पांढरा, पिवळा, केशरी, तांबडा, जांभळा, निळा, हिरवा, पुन्हा पिवळा, पुन्हा तांबडा, आणि पुढे पुढे फिकट होत जाणारे तेच रंग. दगडांचा अभ्यास करणाऱ्यांना हा पाढा आजही पाठ करावा लागतो.

साडेतीन दशके बँकेत काढलेल्या माणसाला हिशेब हा शब्द चटकन जवळचा वाटतो, हे मान्य करतो. निवृत्तीनंतर कुणी पेटी शिकायला घेतो, कुणी परसातल्या कढीपत्त्यावर प्रेम करू लागतो. मी एक वापरलेला, विद्यार्थ्यांसाठी असतो तसला सूक्ष्मदर्शक विकत घेतला. पोलरॉइड विकत घ्यावे लागले नाही. बँकेतल्या माणसाच्या घरी बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरांना तोटा नसतो. त्याच्या आकडे दिसणाऱ्या पडद्यावर एक पातळ, काळपट फिल्म चिकटवलेली असते. ती सोलून काढली आणि तिचे दोन तुकडे केले की काम झाले. गोंदाचे डाग पुसायला थोडे स्पिरिट लागते, आणि घरातल्या माणसांची थोडी सहनशक्ती.

स्फटिक घडताना पाहायचा असेल तर सुरुवात हायपोपासून करावी. फोटो स्टुडिओतली काळोखी खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नाव आठवेल. शास्त्रीय नाव सोडियम थायोसल्फेट. त्याचे खडे परीक्षानळीत घालून नळी गरम पाण्यात धरली की साधारण ४८ अंशांना ते आपल्याच अंगच्या पाण्यात वितळतात. पुन्हा थंड झाले तरी हे द्रव हटवादीपणे द्रवच राहते. त्याचा एक थेंब पट्टीवर घ्यावा. काळोखात काहीच दिसत नाही. मग सुईच्या टोकावर हायपोचा एक कण घेऊन तो थेंबाच्या कडेला टेकवावा. त्या कणापासून उजळ पाती निघतात आणि बघता बघता सगळा थेंब काबीज करतात. एका बाजूने निळे पाते, दुसऱ्या बाजूने सोनेरी, आणि जिथे ती भिडतात तिथे एक काळी सरळ रेघ. सगळा कारभार काही सेकंदांचा.

बाकीचे पदार्थ इतके उतावळे नाहीत. औषधाच्या दुकानात मिळणारे एप्सम सॉल्ट पाण्यात विरघळवून थेंब ठेवला तर तो कडेने वाळू लागतो आणि पहिली सुई तिथेच उगवते. ती आत, मध्याच्या दिशेने वाढते. तिला फांद्या फुटतात, मग पंखा होतो. क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड घेतली तर गोल चकत्या तयार होतात आणि त्यांच्यात झाडाच्या बुंध्यातल्यासारखी वर्तुळे पडतात. प्रत्येक चकतीवर एक काळी फुली असते आणि चकती कशीही फिरवली तरी ती फुली जागची हलत नाही. बटाटा किसून त्याच्या पाण्यात तळाशी बसणारे पांढरे सत्त्व पाहिले, तर त्याच्या प्रत्येक कणावरही हीच फुली दिसते. युरियाच्या लांब, सरळ सळया थेंबभर धावतात. (शेताचा युरिया चालतो, पण २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाचे तेल लावणे सक्तीचे झाले आहे. ते तेल पट्टीवर चिवट मेणासारखे तरंगते. गाळून घ्यावे.) एकाच बाटलीतले, एकाच दिवशी घेतलेले दहा थेंब मी दहा पट्ट्यांवर ठेवून पाहिले आहेत. सळया त्याच, कोन तेच, पण चित्रे दहा.

माणसे एवढे पाहून पट्टी धुऊन टाकतात. इंटरनेटवर आज स्फटिकांच्या चित्रफिती हव्या तितक्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच सुंदरही आहेत. तासाभराची वाढ त्या अर्ध्या मिनिटात दाखवतात आणि चित्र पूर्ण भरले की संगीतासह थांबतात. मला मात्र खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते असे वाटते. वाळलेल्या स्फटिकांच्या कडेला पाण्याचा एक बारीकसा थेंब सोडावा. पाणी आत झिरपते आणि स्फटिक विरघळू लागतो. तो विरघळतो म्हणजे पातळ होतो, आणि रंग तर जाडीवर ठरतो. मग पाढा उलटा सुरू होतो. हिरव्याचा निळा, निळ्याचा जांभळा, मग तांबडा, केशरी, पिवळा, पांढरा, राखी. शेवटी काळा, म्हणजे आता तिथे काही नाही. कर्जाची शिल्लक हप्त्याहप्त्याने उतरत शून्यावर यावी तसे हे शांतपणे होते. वाढताना स्फटिकाचे कोपरे धारदार असतात, विरघळताना आधी कोपरेच गोलावतात. वाढीबद्दल आणखी एक विलक्षण नियम आहे. स्फटिकाची जी बाजू सर्वांत सावकाश वाढते तीच शेवटी सर्वांत मोठी दिसते. भराभर वाढणारी बाजू टोकाला पोहोचते आणि स्वतःच नाहीशी होते. यातून माणसांसाठी काही बोध काढण्याचा मोह कादंबरीकाराला होतो, पण आवरलेला बरा. मिठाला आणि साखरेला आपल्या नीतिकथांशी देणेघेणे नाही.

हे सगळे परके, प्रयोगशाळेतले ज्ञान आहे असे वाटत असेल तर संक्रांतीच्या काटेरी हलव्याकडे पाहावे. मंद शेगडी, तिच्यावर परात, परातीत तीळ किंवा खसखस, आणि चमच्याचमच्याने सोडलेला पाक. बोटांनी सतत हलवत राहायचे. एक थर सुकल्याशिवाय दुसरा चमचा घालायचा नाही. आच वाढवली की पाक करपतो, घाई केली की साखरेचा भुगा होतो. मन लावून बसणाऱ्या बाईच्या हलव्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काटा फुलतो. ज्या घरात हलवा होत असे तिथे ‘आज काटा चांगला धरलाय’ हे वाक्य ऐकलेले असते. पाक किती दाट, आच किती, थांबायचे किती, या तीन गोष्टींचा तोल म्हणजेच स्फटिकशास्त्र. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात ते चवीपुरते नव्हे. आंबटपणामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. हे दोघे मध्ये लुडबुड करतात आणि साखरेला पुन्हा दाणा धरू देत नाहीत. कढवलेले तूप आपसूक, सावकाश थंड होऊ दिले तर रवाळ होते. तेच लगेच फ्रिजमध्ये ठेवले तर दाणा बारीक पडतो आणि तूप गुळगुळीत गोठते. रवाळ तुपाचा एक ठिपका पट्टीवर पसरून पाहिला, तर तिथेही ती काळी फुली भेटते. आपल्या आज्यांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय जे ओळखले होते, ते आपण सूक्ष्मदर्शक हाती येऊनही त्यांना विचारले नाही.

या खेळाच्या साधनांची कूळकथाही पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात जागोजागी कुणीतरी निव्वळ कुतूहलाने पाहत बसलेले आढळते. डेन्मार्कच्या एरास्मुस बार्थोलिनने १६६९ मध्ये आइसलँडहून आलेल्या कॅल्साइटच्या पारदर्शक तुकड्याबद्दल लिहिले. त्या तुकड्याखालची एक रेघ दोन दिसत होती. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एत्येन मालुस असाच तुकडा डोळ्याशी धरून लक्झेंबर्ग प्रासादाच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेले मावळतीचे ऊन पाहत होता. तुकडा फिरवताना दोन प्रतिमांपैकी कधी ही मंदावते, कधी ती, हे त्याने टिपले. १८२८ मध्ये एडिंबराच्या विल्यम निकोलने कॅल्साइट तिरपा कापून पुन्हा चिकटवला आणि एकच ध्रुवित किरण देणारा लोलक तयार केला. १८३४ मध्ये हेन्री फॉक्स टॅल्बटने असे दोन लोलक सूक्ष्मदर्शकाला बसवून स्फटिक पाहिले. हाच टॅल्बट पुढे छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक झाला. स्फटिकांच्या त्या रंगांनी त्याच्यावर काही परिणाम केला असेल की नाही कोण जाणे, पण मला तसे मानायला आवडते.

कॅल्साइट महाग आणि दुर्मिळ होता. त्यावर उपाय निघाला तो कुत्र्याच्या मुत्रातून. ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्या एका विद्यार्थ्याने क्विनिन, म्हणजे आपल्याकडचे कोयनेल, दिलेल्या कुत्र्याच्या मुत्रात आयोडीन टाकले. त्यात बारीक, चकचकीत हिरवे स्फटिक दिसले. हेरापाथनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दोन स्फटिक एकमेकांवर पडलेले होते. काही ठिकाणी त्यांच्यातून उजेड आरपार येत होता, काही ठिकाणी मिट्ट काळोख होता. आपल्याला नैसर्गिक पोलरॉइड मिळाले आहे, हे त्यांनी ओळखले आणि १८५२ मध्ये प्रसिद्ध केले. मोठे स्फटिक वाढवण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फारसा जमला नाही. पाऊणशे वर्षांनी हार्वर्डचे शिक्षण अर्धवट सोडलेल्या एडविन लँडने ही हकीकत एका जुन्या पुस्तकात वाचली. एक मोठा स्फटिक वाढवण्याऐवजी त्याने लक्षावधी बारीक स्फटिक एका दिशेला लावून पातळ फिल्ममध्ये बसवले. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पोलरॉइड ही चीज आणि पुढे त्या नावाची कंपनी इथून निघाली. माझ्या कॅल्क्युलेटरमधून निघालेल्या फिल्मची ही वंशावळ आहे.

तो कॅल्क्युलेटरचा पडदाही अशाच एका पाहण्यातून आला. १८८८ मध्ये प्राग इथल्या फ्रिडरिश राइनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलचे एक संयुग दोनदा वितळताना दिसले. १४५ अंशांच्या आसपास ते गढूळ द्रव झाले आणि १७८ च्या पुढे स्वच्छ. त्याने ते ओटो लेमान याच्याकडे पाठवले. लेमानकडे पट्टी तापवण्याची सोय असलेला ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक होता. त्याखाली तो गढूळ द्रव वाहत होता आणि तरीही स्फटिकासारखा रंगत होता. द्रवस्फटिक हे नाव तेव्हा अनेकांना थट्टेचे वाटले. आज घराघरातले दूरचित्रवाणी संच, संगणक आणि बरेचसे मोबाइल याच द्रवस्फटिकांवर चालतात. या शाखेत आपल्याकडेही मोलाचे काम झाले आहे. चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्याच संस्थेत १९५६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, एस. पंचरत्नम यांनी स्फटिकांमधून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचा अभ्यास करताना प्रकाशाच्या कलेविषयी एक मूलभूत गोष्ट शोधली. जगाने तिची नीट दखल घेतली ती १९८० च्या दशकात, मायकेल बेरी यांचे काम पुढे आल्यावर. पंचरत्नम १९६९ मध्येच, ऐन पस्तिशीत गेले होते. हे दोघेही चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे.

पण हे सारे थोरामोठ्यांचे झाले. रोजच्या जगण्यात यावर काय अडते, असे कुणीही विचारील. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा गुडघा दर काही महिन्यांनी अचानक सुजायचा. रक्तातले युरिक अॅसिड थोडे जास्त निघाले आणि निदान झाले, गाउट. तीन वर्षे डाळी बंद, टोमॅटो बंद, गोळ्या सुरू. गुडघा सुजायचा तो सुजतच राहिला. शेवटी एका डॉक्टरबाईंनी गुडघ्यातले पाणी सुईने काढले आणि ध्रुवित प्रकाशाखाली पाहिले. गाउटमध्ये युरेटच्या लांब, टोकदार, लखलखीत सुया दिसतात. इथे होते आखूड, बोथट, मंद उजळणारे तुकडे, कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे. आजार वेगळा, उपचार वेगळा. सांध्यातल्या पाण्यातले हे स्फटिक ओळखण्याची पद्धत डॅनिएल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी १९६१ मध्ये मांडली. तिला साठ वर्षे उलटून गेली. रक्तातले युरिक अॅसिड जास्त असूनही गाउट नसणारे पुष्कळ असतात, आणि ऐन दुखण्याच्या वेळी ते नेमके प्रमाणात आढळणारेही असतात. रक्ताचा आकडा अंदाज देतो, पण सांध्यात काय आहे ते प्रत्यक्ष पाहावे लागते. आकड्यांवर आयुष्य काढलेला माणूस हे लिहितो आहे, याची नोंद घ्यावी.

औषधांच्या कारखान्यांतही हेच. एकच पदार्थ दोन वेगवेगळ्या मांडण्यांत स्फटिक धरू शकतो. १९९८ मध्ये एचआयव्हीच्या रुग्णांसाठीच्या रिटोनाव्हिर या औषधात, बाजारात येऊन दोन वर्षे झाल्यावर, एक नवाच स्फटिक उगवला. रेणू तोच, पण हा स्फटिक विरघळायला नाखूश. त्यामुळे कॅप्सूल नीट लागू पडण्याची शाश्वती उरली नाही आणि त्यांचा पुरवठा थांबवावा लागला. नवे रूप तयार होईपर्यंत रुग्णांना कडवट पातळ औषधावर राहावे लागले. गोळीतला पदार्थ कोणता, एवढे जाणून भागत नाही. तो कसा घडला आणि कसा विरघळतो, यावर माणसाचा जीव असतो.

आता माझी तक्रार. २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो, १९८७ पासून. रामन यांनी १९२८ मध्ये त्या तारखेला आपला शोध जाहीर केला म्हणून. अशाच एका दिवशी तालुक्याच्या गावातल्या एका शाळेने मला पाहुणा म्हणून बोलावले. लेखक होता, बँकेत होता, विज्ञानावर लिहितो, चालेल. वक्तृत्व झाले, रामन यांच्यावर नाटुकले झाले, मुलींनी सुरेख तक्ते केले होते. प्रयोगशाळेत सहा सूक्ष्मदर्शक होते, कपाटात, कुलुपात, त्यांपैकी दोन मूळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. किल्ली ज्यांच्याकडे असते ते बाहेरगावी. हे मी समजू शकतो. कुलूप लावणे हा माझाही धंदा होता. पण त्यानंतर एका मुलाने मला प्रयोगवही दाखवली. मोरचुदाचे स्फटिक तयार करण्याचा प्रयोग. कृती, आकृती, निरीक्षण, अनुमान, सगळे सुवाच्य अक्षरात. ‘प्रयोग कधी केलात?’ असे विचारले. ‘अजून व्हायचा आहे, सर.’ निरीक्षणाच्या रकान्यात निरीक्षण आधीच लिहिलेले होते. वर्गातल्या सगळ्या वह्यांत तेच वाक्य, त्याच शब्दांत, कारण फळ्यावरून उतरवलेले.

त्या मुलाचा यात काही दोष नाही. शिक्षकांचाही मी फारसा म्हणणार नाही. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते, यांतून उरलेल्या वेळात ते शिकवतात. दोष प्रयोग मांडण्याच्या पद्धतीत आहे. आपल्या शाळांतल्या प्रयोगाचे उत्तर आधी ठरलेले असते आणि मुलाने तिथे पोहोचायचे असते. भरवशाचा मार्ग उतरवण्याचा, आणि मुले हुशार असतात. प्रयोग न करता उत्तर आले तर गुण मिळतात. प्रयोग करून वेगळे आले तर जातात. असा व्यवहार कुठल्याही शहाण्या खातेदाराला कळतो.

म्हणूनच ध्रुवित प्रकाशातला हा थेंब शाळेत यावा असे मला वाटते. त्याचे निरीक्षण उतरवून घेताच येत नाही. चाळीस मुलांना एकाच बाटलीतले चाळीस थेंब द्या, चाळीस चित्रे निघतील. पहिली सुई कुठे उगवली, कोणत्या दिशेने गेली, कोणत्या रंगानंतर कोणता आला, पाणी सोडल्यावर आधी काय गेले, हे ज्याचे त्यालाच पाहावे लागेल. शेजारच्याची वही उपयोगाची नाही, मार्गदर्शक पुस्तिकाही नाही. गुण द्यायचे ते चित्र बरोबर की चूक यासाठी नव्हे, तर आपल्या थेंबाने जे केले तेच मुलाने काढले आहे का, यासाठी. तपासायला अवघड जाईल, पण अशक्य नाही. पट्टी समोरच असते. थेंब वाळायला एका तासिकेएवढा वेळ लागतो, तेव्हा वेळापत्रकही मोडत नाही.

खर्चाचे कारण कुणी सांगू नये. सूक्ष्मदर्शक बहुतेक माध्यमिक शाळांत आहेतच. पोलरॉइडची फिल्म मोडीत निघालेल्या कॅल्क्युलेटरमध्ये आहे. पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो प्रयोग उभे करून दाखवले, ते पाहिलेल्या कुणालाही ही सबब सांगताना संकोच वाटेल. स्टॅनफर्डमध्ये काम करणाऱ्या मनू प्रकाश यांनी २०१४ मध्ये घडीच्या कागदाचा, अगदी स्वस्त सूक्ष्मदर्शकही मांडला. आणि सूक्ष्मदर्शक नसेलच तर संगणकाचा एलसीडी पडदा पांढरा करावा. त्यातून येणारा उजेड ध्रुवितच असतो. त्याच्यासमोर कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी किंवा काचेवर एकावर एक चिकटवलेले सेलोटेपचे तुकडे धरावेत आणि फिल्मच्या तुकड्यातून पाहावे. रविवारच्या दुपारी घरातल्या सातवी-आठवीतल्या मुलाला एवढे दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही.

करून पाहणाऱ्यांसाठी चार गोष्टी. आरशाने थेट ऊन सूक्ष्मदर्शकात घेऊ नये, डोळा जाईल. टेबलावरचा दिवा पुरतो. मोरचूद विषारी आहे, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि त्याची बशी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. पावसाळ्यात हा उद्योग आरंभू नये. मुंबईत किंवा कोकणात आषाढात युरियाचा थेंब तासन्‌तास ओलाच राहतो आणि मुलांचा उत्साह आधी वाळतो. दसरा उलटून हवा कोरडी झाली की बसावे. आणि साखरेपासून सुरुवात तर मुळीच करू नये. तिचा थेंब वाळून काचेसारखा होतो आणि दिवसचे दिवस तसाच काळा राहतो. मला पहिला उजळ ठिपका दिसायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस पट्टी डब्यात झाकून ठेवावी आणि डब्याभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढावी. पहिली पट्टी मुंग्यांनीच संपवली होती.